झाडाच्या शत्रूचा फोटो

मी लग्नाचे फोटो काढणारा माणूस. माजरीत, खाणीच्या कॉलनीकडे जाणाऱ्या रस्त्यावर माझा स्टुडिओ आहे, आणि अर्धं आयुष्य मी लोकांना "हनुवटी खाली, नजर इकडं" सांगण्यात घालवलं. बारशाचे, विहारातल्या कार्यक्रमांचे, खाणीतून निवृत्त होणाऱ्यांच्या हारतुऱ्यांचे, सगळे फोटो काढले. जंगलाशी माझा संबंध एवढाच होता की वरातीची बस भामरागडकडे निघाली की मी मागच्या सीटवर झोपून जायचो.

मला राग लवकर येतो. धाकटी बहीण म्हणते, तुझ्या नाकावर माशी बसायच्या आधीच तू हात उगारतोस. असेल. पण या गोष्टीत राग येऊ नये असं ज्याला वाटतं त्याने माझ्यासमोर येऊन बसावं आणि पूर्ण ऐकावं.

रोल बंद झाले, मोबाइल आले आणि माझी फोटो धुवायची अंधारी खोली अडगळीची खोली झाली. फोटो मोठे करायचं यंत्र, एन्लार्जर, तिथं धूळ खात पडलं होतं. एक दिवस कुणीतरी मोबाइलवर एक जोडफोटो पाठवला. डावीकडे साधं पिवळं फूल आणि उजवीकडे तेच फूल, पण मधोमध काळाकुट्ट गोल. खाली लिहिलं होतं की हा अतिनील उजेडातला फोटो आहे, हा उजेड माणसाला दिसत नाही, मधमाशीला दिसतो. मला दोन दिवस चैन पडेना. इतकी वर्षं मी गळ्यात हार घातलेल्या माणसांचे फोटो काढले, आणि त्या हारातली फुलं मला कधी पुरती दिसलीच नव्हती.

मग शोधत गेलो. कॅमेऱ्याच्या पोटात एक काच असते, ती हा उजेड अडवते. नागपूरच्या एका मेकॅनिककडून ती काढून घेतली. तो म्हणाला, "भाऊ, आता याच्यात लग्नं नाही जमणार." म्हटलं, लग्नं खूप झाली. नव्या लेन्सही हा उजेड अडवतात, पण एन्लार्जरची जुनी लेन्स बऱ्यापैकी आत सोडते असं कळलं, तेव्हा मी त्या धुळकट यंत्राला हात जोडले. लेन्सपुढे लावायची काळी काच मागवली. तिच्यातून आपल्याला काही म्हणजे काही दिसत नाही. आणि फोटोत पांढरं किती पांढरं यावं हे ठरवायला नळाच्या आट्यांवर गुंडाळतात ती प्लंबरची पांढरी टेप, बाटलीच्या झाकणावर गुंडाळून फुलाशेजारी ठेवायची. बायको म्हणाली, घरातला नळ गळतोय आणि टेप फुलाला लावताय. तिचंही बरोबरच होतं.

बहीण नर्स आहे. तिची बदली एटापल्लीच्या पलीकडे एका उपकेंद्रावर झाली. गावाचं नाव लिहीत नाही, गावाला आधीच पुरेसा ताप झाला आहे. पहिल्या एप्रिलमध्ये मी चार दिवस तिच्याकडे गेलो आणि उपकेंद्राच्या आवारातल्या गुलमोहराला कॅमेरा लावून भर दुपारी उभा राहिलो. एक म्हातारी कानात औषध घालून घ्यायला आली होती, ती पायरीवर बसून माझा तमाशा बघत राहिली. माडिया बाई, काटक, केस पांढरे, दात सगळे जागच्या जागी. बहीण तिला बाई म्हणायची, म्हणून मीही बाईच म्हणू लागलो. ती मला दादा म्हणायची आणि अरेतुरे करायची. तिच्या मराठीत 'तुम्ही' नव्हतंच, आणि साहेबलोकांच्या 'तुम्ही'पेक्षा मला ते बरं वाटायचं.

"येवढा वेळ एकच फूल?" ती म्हणाली. "हे तं सडकेवर बी असते. पुंगार पाहाचं असन तं माझ्या मोहावर ये."

पुंगार म्हणजे गोंडीत फूल. तिचं मोहाचं झाड घरामागे, शेताच्या धुऱ्यावर होतं. त्या गावात कोणता मोह कुणाचा हे ठरलेलं असतं, सातबाऱ्यावर लिहिलेलं नसलं तरी. दीड माणूस उंचीवर, बेचक्यात, एक भला मोठा गुच्छ होता. बोटाएवढी जाड, पांढरट मुळं सालीवर पसरलेली, पट्ट्यांसारखी पानं, आणि दांड्यांवर फुलं. पिवळसर हिरव्या पाकळ्यांवर तपकिरी चौकटी, विटलेल्या लुगड्यावर असतात तशा, आणि मधे जांभळा ओठ. वास असा गोड की मी शिडी न मागता तसाच खोडाला चिकटून उभा राहिलो. पुस्तकात याला आमरी म्हणतात. शहरातले लोक ऑर्किड म्हणतात आणि कुंडीत वाढवून पाहुण्यांना दाखवतात.

मी शहाणपणा केला. म्हटलं, "बाई, हे तं बांडगूळ हाये. झाड वाळवून टाकन."

चुकीचं उत्तर दिल्यावर शाळेत मास्तर बघायचे तसं तिने माझ्याकडे बघितलं. मग सरसर वर चढली, एका मुळाखाली नख घालून ते अलगद उचललं आणि मला वर बोलावलं. "पाह्य. खाली साल जशीच्या तशी हाये ना? हे झाडाचं खात नाई. बसलं फक्त." मग हात लांब करून पलीकडच्या फांदीवरचा दुसराच झुबका दाखवला, जाडसर पानांचा, नारिंगी नळ्यांसारख्या फुलांचा. "बांडगूळ ते. फांदीत घुसलं. त्याले काढाचं तं फांदीच तोडा लागते."

एका मिनिटात शिकवलं, आणि तेही एका नखाने. हा पाठ लक्षात ठेवा, पुढे लागेल.

तो गुच्छ मुळात तिथला नव्हता. आधीचा जुना मोह वादळात पडला, तेव्हा तिने आणि तिच्या म्हाताऱ्याने त्याच्यावरचा हा गुच्छ सोडवून आणला आणि या झाडाला सालीच्या दोरीने बांधला. दोन वर्षं तो नुसता लटकून होता, मग धरला. "म्हातारा गेला," ती म्हणाली. "हे हाये." एवढंच. मी पुढे विचारलं नाही.

त्यानंतर मी दर एप्रिलला जायचो, पहिलं धरून तीन वर्षं. या कामात एकाच फुलाचे दोन फोटो लागतात, एकाच जागेवरून, कॅमेरा केसभर न हलवता. पहिला साध्या उजेडातला, मग काळी काच लावून दुसरा. दुसऱ्याला शटर दहा-बारा सेकंद उघडं ठेवावं लागतं, आणि ऊन डोक्यावर असतानाच तो उजेड पुरेसा मिळतो. एप्रिलच्या दुपारी दहा सेकंद वाऱ्याने गप्प बसावं, अशी अपेक्षा माझ्यासारखा वेडाच करणार. मी उपकेंद्राच्या शिडीवर घामाने निथळत असायचो, फूल डुलायचं आणि मी शिव्या द्यायचो. त्या पहिल्याच वर्षी, दुसऱ्या दिवशी बाई घरातून सूप घेऊन आली, सरळ फांदीवर चढून बसली, पाय खाली सोडले आणि सूप फुलाच्या अंगाला आडवं धरलं.

"सुपानं लोक वारा घालते," ती म्हणाली. "मी थांबवून राह्यली."

पहिला धड फोटो त्या सुपाआड निघाला. मी कॅमेऱ्याच्या पडद्यावर तो तिला दाखवला. काळापांढरा फोटो. पाकळ्यांवरच्या चौकटी जवळजवळ पुसलेल्या, ओठ काळाठिक्कर आणि त्याच्या कडेने उजळ रेघ. तिने बराच वेळ बघितलं. झाडावरच्या फुलाकडे बघितलं, परत पडद्याकडे.

"हे काऊन काळं पडलं?"

"बाई, आपल्याले दिसत नाई ते हे मशीन पाहते."

"आपल्याले दिसत नाई ते?"

"हाव. तुमाले नाई, मले बी नाई. मशीनले दिसते."

आता सांगायला लाज वाटते, पण हे बोलताना माझी छाती फुगली होती. लग्नात कुणी फोटोवाल्याला असं विचारत नाही.

"मंग काळं कायचं हाये ते?" तिने परत विचारलं. ऊन सरकत होतं, दुसरा दांडा सावलीत जाणार होता. मी म्हटलं, "नंतर सांगतो, बाई. सूप धरा." तिने सूप धरलं. दोन दिवसांनी माझी बस होती. पुढच्या एप्रिलला तिने विचारलं नाही, त्याच्या पुढच्यालाही नाही, आणि मी सांगितलं नाही.

तिसऱ्या वर्षीच्या हिवाळ्यात जिल्ह्याच्या ठिकाणाहून एका कार्यालयातून फोन आला. कोणतं कार्यालय ते सोडा. तिथल्या साहेबांच्या घरचं लग्न मी केलं होतं, म्हणजे फोटो, त्या ओळखीतून. मोहाच्या झाडांवरचं बांडगूळ काढायची मोहीम निघणार होती. काम चांगलं होतं. बांडगूळ खरोखर झाड पिळून घेतं, आणि त्या भागात घरं मोहफुलांवर चालतात, मोह पिळला गेला तर घरं पिळली जातात. त्यांना पोस्टरसाठी फोटो हवे होते. मी आनंदाने हो म्हटलं. माझ्या स्टुडिओमागच्या आंब्यावर बांडगुळाचा मोठा झुबका होता, त्याचे पाच-सहा स्वच्छ फोटो काढले. आणि पेनड्राइव्हमध्ये जागा होती म्हणून, खरं तर मिरवायची हौस म्हणून, आमरीचे जोडफोटोही टाकले. वाटलं, साहेब बघतील, म्हणतील, अरे वा.

आता माझी एक सवय सांगतो. आम्ही लग्नाचे फोटोवाले फोल्डरला नवरानवरीचं नाव देत नाही. नावं सारखीच असतात, आणि घाईत चुकतात. आम्ही हॉलचं नाव देतो. हॉल चुकत नाही. तेवढ्यावर मी हजारो लग्नं धकवली. त्याच सवयीने बांडगुळाच्या फोल्डरला नाव दिलं 'आंबा', कारण ते आंब्यावर होतं. आणि आमरीच्या फोल्डरला नाव दिलं 'मोह'.

चौथ्या एप्रिलला एटापल्लीच्या बसस्टँडवर उतरलो. बहीण स्कूटी घेऊन न्यायला येणार होती. चहा घेतला, कपातून वर बघितलं, तर समोर भिंतीवर पोस्टर. 'मोहाचा शत्रू ओळखा. दिसताच काढा.' खाली दोन मोठे फोटो. डावीकडे बाईची आमरी, रंगीत. उजवीकडे तीच आमरी, काळापांढरी, काळा ओठ. दोन्हींवर मिळून एक लाल फुली. आणि कोपऱ्यात बारीक अक्षरात माझ्या स्टुडिओचं नाव. तेवढं छापायला मात्र विसरले नव्हते.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. कप तिथंच ठेवला आणि पोस्टर उपटलं. चहावाला म्हणाला, "भाऊ, सरकारी हाये ते." मी म्हटलं, सरकारी आहे म्हणूनच. बहीण आली तेव्हा मी स्टँडवरचे तीन पोस्टर काढून चौथ्याला हात घातला होता. तिने कागद हातात घेतला आणि बघितला. म्हणाली, "दादा, मागच्या आठवड्यात आमच्या गावात माणसं येऊन गेली. मले वाटलं, बांडगूळ काढून राह्यले."

स्कूटीवर मी मागे बसून पूर्ण रस्ता बडबडत होतो.

मोहाचा बेचका रिकामा होता. सालीवर मुळांचे फिकट माग राहिले होते, पाणी वाळल्यावर राहतात तसे. मी शिडी लावून वर गेलो आणि हात फिरवला. साल जशीच्या तशी होती. एक ओरखडा नाही. तीन वर्षांपूर्वी तिने नखाने दाखवलं होतं ते आता झाड पूर्ण उघडं होऊन दाखवत होतं. आणि पलीकडच्या फांदीवर बांडगुळाचा झुबका होता, नारिंगी फुलांनी लगडलेला, त्याला कुणी बोट लावलं नव्हतं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, ती मी शिडीवर उभा राहून डोळ्यांनी बघत होतो.

बाई घरी नव्हती. लेकीच्या गावाला गेली होती, तीन-चार दिवसांत येणार होती. गावाबाहेर नाल्याच्या उतारावर काढलेल्या आमऱ्यांचा ढीग टाकला होता. एका झाडाच्या नव्हत्या त्या, कितीतरी झाडांच्या होत्या. उन्हात पानं पिवळी पडून सुरकुतलेली, फुलांच्या दांड्या मोडलेल्या. मी आणि बहिणीने तो ढीग उकरला. तळाशी, ओलीला, एक गुच्छ सापडला ज्याच्या दोन मुळांची टोकं अजून हिरवी होती. बाईचाच होता असं मी छातीठोक सांगू शकत नाही. पण त्याच्या बुडाशी सालीच्या दोरीचा कुजका तुकडा अडकला होता. तो आम्ही ओल्या गोणपाटात गुंडाळून उपकेंद्राच्या व्हरांड्यात, सावलीत ठेवला.

दुसऱ्या दिवशी पुढच्या गावात काढणाऱ्या माणसांचा मुकादम सापडला. झाडाखाली माणसं शिदोरी सोडून बसली होती, चार घडीचं पोस्टर खिशात. मी भांडायच्या तयारीने गेलो होतो, आणि त्याने मला बसायला गोणी दिली.

"हे तं सोपं होतं, भाऊ," तो म्हणाला. "हातानं निघे. ते दुसरं फांदी तोडल्याबिगर निघत नव्हतं. अन् ते फोटोत बी नव्हतं."

"तुमाले माहीत नाई का बांडगूळ कोणतं ते? जंगलात जन्म गेला तुमचा."

"माहीत हाये ना," तो म्हणाला. "म्या साहेबाले म्हटलं. साहेब म्हणे, तुले जास्त समजते का छापणाऱ्याले?"

त्या माणसाला ठाऊक होतं. त्या झाडाखालच्या प्रत्येक माणसाला ठाऊक होतं. ज्यांना ठाऊक होतं त्यांना कुणी विचारलं नाही, आणि ज्याने कागद छापला तो आयुष्यात एका मोहावर चढला नव्हता. आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं, दुसरं काय.

तिसऱ्या दिवशी मी जिल्ह्याच्या ठिकाणी त्या कार्यालयात गेलो. साहेबांनी पाणी मागवलं, लग्नाच्या अल्बमची आठवण काढली, फार सुरेख झाला होता म्हणाले. मी पोस्टर टेबलावर पसरलं. म्हटलं, हे बांडगूळ नाही. त्यांनी चष्मा लावला, बघितलं आणि म्हणाले, "असं होय? पण झाडावरच वाढतं ना?"

"साहेब, माकडही झाडावरच असते."

बाहेरच्या टेबलावरचा माणूस हसला आणि लगेच थांबला. मग ज्याने पोस्टर बनवलं त्या ऑपरेटरला बोलावलं गेलं. त्याने शांतपणे संगणक उघडला, माझा पेनड्राइव्ह जसाच्या तसा उतरवून ठेवला होता, तो दाखवला. "सर, आपली मोहीम मोहाची. यांचे दोन फोल्डर. एक आंबा, एक मोह. मी मोह घेतला. आणि यांनीच एक चांगला आणि एक काळा पडलेला असा जोडीने दिला होता, म्हणून दोन्ही टाकले. रोग कसा दिसतो ते कळावं म्हणून."

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. "नाव तर तुम्हीच दिलंय."

मी उठून उभा राहिलो. जे बोललो ते सगळं लिहिण्यासारखं नाही. म्हटलं, फोल्डरचं नाव चुकलं, कबूल. पण एक फोन केला असता. मुकादमाने सांगितलं तेव्हा ऐकलं असतं. एक माणूस एका झाडावर एकदा चढला असता. झाडांवरून जिवंत वस्तू ओरबाडायला निघालात आणि फोटो नीट बघायला पाच मिनिटं नव्हती? साहेब म्हणाले, आवाज कमी करा. मी केला नाही. ते म्हणाले, पुढच्या छपाईत दुरुस्ती करू, शुद्धिपत्रक काढू. म्हटलं, शुद्धिपत्रक झाडाला बांधणार का? शेवटी दोन गोष्टी माझ्यासमोर लिहून घेतल्या: काम आजपासून थांबवायचं, आणि लावलेले पोस्टर उतरवायचे. काम खरंच थांबलं, हे मान्य करतो. पोस्टर मात्र अजूनही कुठं कुठं दिसतात. मी दिसलं की फाडतो. बहीणही फाडते, सरकारी नोकर असून.

परत येताना बसमध्ये मला फार चांगलं वाटत होतं. खोटं कशाला सांगू. मी सगळ्यांना सुनावून आलो होतो, साहेबाला, ऑपरेटरला, छापणाऱ्याला. बाईला काय काय सांगायचं हे मनात जुळवत होतो. ती ऐकेल, म्हणेल, बरं केलं दादा.

ती आली होती. दुसऱ्या दिवशी पहाटेच उठून ती मोहाखाली फुलं वेचत होती, टोपली अर्धी भरली होती. मी शिडी आणि गोणपाट घेऊन गेलो. तिने गोणपाटाकडे बघितलं आणि वेचत राहिली. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. बसस्टँड, मुकादम, माकडाचं बोलणं, शुद्धिपत्रक. ती मधे मधे "हाव" म्हणत होती. सांगून संपलं, तरी तिने बरं केलं म्हटलं नाही. मग मला राहवलं नाही.

"बाई, तुमाले तं माहीत होतं. तुमीच मले शिकवलं, नखानं मूळ उचलून. तुमच्या झाडावर हात टाकला त्यायनं, तवा तुमी कुठी होत्या?"

"इथीच होती," ती म्हणाली. "झाडाखाली."

"मंग काऊन काढू देलं?"

तिने टोपली बाजूला ठेवली. "मी नाई म्हटलं. माझं हाये, माझ्या म्हाताऱ्यानं बांधलं, हात लावाचा नाई. ते थांबले. मंग त्यायनं कागद दाखवला." ती माझ्याकडे बघत होती, रागाने नाही. राग असता तर मला सोपं गेलं असतं. "मले वाचता येत नाई, पण फोटो मी ओळखला. मीच सूप धरलं होतं ना. म्हटलं, हे दादाचं हाये. आपल्याले दिसत नाई ते दादाच्या मशीनले दिसते. काळं दिसलं होतं त्याले. रोग असन. म्हणून दादानं सांगतलं असन का काढा."

मी शिडी खोडाला टेकवली.

"मंग मीच काढून देलं," ती म्हणाली. "ते लोक ओढून राह्यले होते. मुळं तुटत होती. म्हटलं, सरका, मी काढतो सावकाश."

साल का जशीच्या तशी होती, ते मला तेव्हा कळलं.

साहेबाला विचारलं होतं, एक फोन केला असता तर काय झालं असतं. मुकादमाला विचारलं होतं, जंगलात जन्म जाऊन कळलं कसं नाही. सगळ्यांना विचारून झालं होतं. ज्याला विचारायचं राहिलं होतं तो शिडी धरून उभा होता. या बाईने दोन गोष्टी जन्मभर ओळखल्या होत्या, आपलं झाड आणि त्यावरचं फूल, आणि माझ्या एका बढाईपायी तिने स्वतःच्या डोळ्यांवरचा विश्वास काढून माझ्या मशीनवर ठेवला. साहेबाच्या माणसांना ती भ्याली नव्हती. ती त्यांना नाही म्हणाली होती. माझ्या फोटोला नाही म्हणाली नाही.

मी गोणपाट उलगडलं. तिने गुच्छ हातात घेतला, बुडाशी अडकलेला दोरीचा तुकडा बोटाने चाचपला आणि तसाच राहू दिला. घरातून नवी दोरी आणली. मी शिडी धरली, ती वर गेली, बेचक्यात जुन्या मागांवर मुळं बसवली आणि बांधलं. फार आवळलं नाही. खाली उतरून हात पुसले.

"मशीन आणलं?"

"आणलं."

"लावून पाह्य. जगते का नाई."

थट्टा नव्हती ती. ती खरंच विचारत होती. बॅग माझ्या खांद्याला होती, मी ती उघडली नाही.

"मशीनले ते दिसत नाई, बाई."

"मंग त्याले काय दिसते?"

मी खाली बसलो, मोहाच्या फुलांत. म्हटलं, फक्त उजेड दिसते. एका जातीचा उजेड असतो, तो आपल्या डोळ्याले दिसत नाई, मधमाशीले दिसते. काही फुलं तो उजेड परत फेकते, काही पिऊन घेते. पिऊन घेतलं तिथं फोटोत काळं येते. तो ओठ काळा होता तो त्याच्यासाठी. माशीले समजावं, इथी बसाचं. रोग नव्हता. फूल चांगलं होतं, बाई. एकदम चांगलं होतं.

तिने वर, नव्या दोरीकडे बघितलं. मग टोपली जवळ ओढली आणि परत वेचायला लागली.

"येवढंच होतं तं तेवाच सांगाचं ना, दादा," ती म्हणाली.